दरवर्षी सिलिकॉन भरूनही खिडकीखाली ओल का येते?

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात माणूस बोलावून खिडकीच्या कडेने सिलिकॉन भरून घेतलं. जूनच्या पहिल्या सरी कोरड्या गेल्या, बरं वाटलं. मग जुलैत वारा सुटला, दोन दिवस झड लागली आणि खिडकीखालच्या त्याच कोपऱ्यात पुन्हा ओल. पुट्टी फुगली, रंगाचे पोपडे सुटले, भिंतीला टेकवलेल्या पलंगामागे काळी बुरशी धरली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच माणूस, तीच सिलिकॉनची नळी आणि आधीच्या थरावर आणखी एक थर.

मी इमारत दुरुस्तीच्या कामात आहे. ठाणे-मुंबईत जास्त, पुण्यात थोडं. खिडकीच्या गळतीबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे: पाणी आत येतं ते बहुतेक वेळा बाहेर जायची वाट बुजल्यामुळे, किंवा ती वाट मुळात ठेवलेलीच नसल्यामुळे. अशा ठिकाणी जितकं जास्त भराल तितकं पाणी जास्त अडकतं. म्हणून नळी हातात घेण्याआधी पाणी कुठून शिरतंय आणि त्याला कुठून निघायचं होतं, हे शोधायला एक सकाळ द्या. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते हे न शोधल्यामुळेच.

त्रास सरळ पावसाचा नसतो, झडीचा असतो

सरळ कोसळणारा पाऊस, कितीही मोठा असला तरी, छज्जा असलेल्या खिडकीचं फारसं वाकडं करत नाही. झड मात्र आडवी येते. पाणी भिंतीवर आपटतं, ओघळत चौकटीवर येतं आणि वारा त्याला मागून ढकलत राहतो. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या आधी गळतात. पुण्याकडे वळीव आणि परतीच्या पावसाचे ढग पुष्कळदा पूर्वेकडून चढतात. जुलैभर कोरडी राहिलेली पूर्वेची खिडकी ऑक्टोबरच्या एखाद्या संध्याकाळी भिजते ती त्यामुळे. तेव्हा गळती नेमकी कोणत्या वाऱ्याला होते, हे एका कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग होतो.

वाऱ्याचा जोर किती असतो याचं गणित सोपं आहे. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातलं सूत्र असं: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा; दाब पास्कलमध्ये मिळतो. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्याला सुमारे 74 पास्कल येतात. पाण्याच्या उंचीत मोजलं तर 7.5 मिलिमीटर. ताशी 60 ला तीच उंची 17 मिलिमीटर होते आणि ताशी 80 ला 30 मिलिमीटर. याचा अर्थ असा की जोराच्या वाऱ्यात स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पडलेलं पाणी बाहेर निघू पाहतं आणि वारा ते तेवढ्या उंचीपर्यंत आतच तोलून धरतो. आता फूटपट्टी घ्या आणि तुमच्या ट्रॅकची आतली कड किती उंच आहे ते मोजा. ती वाऱ्याच्या या उंचीहून बुटकी असेल तर पाणी कडेवरून घरात सांडणारच. त्याला सांध्यातल्या सिलिकॉनचा काहीही इलाज नाही.

यातूनच एक फुकटचा उपाय निघतो. वारा पश्चिमेकडून येत असताना पूर्वेची खिडकी उघडी असेल, तर आतली हवा त्या बाजूने ओढली जाते आणि पश्चिमेच्या खिडकीवरचा दाब वाढतो. झड लागली की समोरासमोरच्या दोन्ही बाजू बंद ठेवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखाही थोडा वेळ थांबवा. पुष्कळ घरांत एवढ्यानेच ट्रॅकमधलं पाणी खाली उतरताना दिसतं.

कोकणातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न भिंतीवर येऊच दिला नाही. उतरतं छप्पर भिंतीपासून चांगलं पुढे काढलेलं, पागोळ्या पायरीपलीकडे पडतात, आणि पावसाच्या तोंडावर पडवीला माडाच्या झापांच्या झड्या, म्हणजे आडोसे, बांधायच्या. जांभा सच्छिद्र दगड आहे, भिजला तर पाणी पितो. तो भिजणार नाही याची काळजी आधी. आजच्या इमारतींत काच भिंतीच्या बाहेरच्या पातळीला येऊन बसते, छज्जा एक तर अरुंद किंवा नाहीच, आणि सगळा भार पाच-सहा मिलिमीटरच्या सांध्यावर टाकलेला. तो सांधा एकट्याने किती वर्षं पुरा पडणार?

ओल कुठे आणि कधी दिसते ते आधी बघा

खालच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात, जोराची सर आल्यावर थोड्याच वेळात पाणी दिसलं, तर आधी ट्रॅकवर संशय घ्या. सिलच्या (खिडकीच्या चौकटीखाली बसवलेल्या दगडी लादीच्या) मध्याखाली पसरट डाग असेल, पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस ओल वाढत राहत असेल, तर पाणी सिलच्या दगडाखाली साचून हळूहळू झिरपतंय. वरून, लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) खालच्या कडेवरून थेंब पडत असतील तर खिडकीला दोष देऊ नका. छज्जा, त्यावरचा भिंतीचा सांधा किंवा वरच्या मजल्याची सिल बघा. बाजूला उभी ओली पट्टी दिसली तर चौकट आणि भिंत यांमधला सांधा, नाहीतर ग्रिलचे बोल्ट. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली बारीक चीर असेल तर ती वेगळीच बाब: भिंतीत भोक ठेवलं की ताण कोपऱ्यात एकवटतो आणि गिलावा तिथून तिरका फुटतो.

अंदाज झाला की पाण्याची चाचणी करा. कोरड्या दिवशी, साधा बागेचा पाईप, आत एक माणूस विजेरी घेऊन. नियम एकच, पण तो मोडू नका: खालून वर जायचं. आधी सिलच्या खालची भिंत, मग सिल आणि ट्रॅकचा सांधा, मग दोन्ही बाजू, मग वरची कड, शेवटी छज्जा आणि त्यावरची भिंत. प्रत्येक जागी 10 ते 15 मिनिटं पाणी सोडा आणि तेवढ्या वेळात आत काही दिसलं नाही तरच पुढे सरका. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. ज्या भागाची पाळी नाही त्यावर प्लास्टिक लावून कडेने चिकटपट्टी मारा. वरच्या मजल्यावर हे काम खिडकीबाहेर वाकून करू नका. सोसायटीला सांगून परांची किंवा झुला लावणाऱ्या, कंबरपट्टा आणि दोरी वापरणाऱ्या माणसांकडूनच करून घ्या.

ट्रॅक: सगळ्यात जास्त गळणारी, सगळ्यात कमी तपासली जाणारी जागा

स्लायडिंग खिडकी कधीच पूर्ण बंद नसते. पल्ला सरकायचा तर फट हवीच, आणि त्या फटीत फक्त ब्रशची पट्टी असते. म्हणजे थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणार हे धरूनच ती बनवलेली आहे. आतल्या ट्रॅकमधलं पाणी बाहेरच्या ट्रॅकमध्ये, तिथून बाहेरच्या कडेतल्या भोकांतून सिलवर, आणि सिलवरून खाली. ही साखळी कुठेही तुटली की पाणी घरात येतं.

पहिली तूट भोकांतच असते. खिडकी बसवताना काढलेली भोकं प्लास्टरच्या शिंतोड्यांनी, नंतर रंगाने, नंतर धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी बुजतात. आणि कित्येकदा गळती थांबवायला आलेल्या माणसानेच बाहेरच्या कडेने सिलिकॉन ओढताना ती बंद करून टाकलेली असतात. घरमालक म्हणतो, काम केल्यानंतर जास्त गळायला लागलं. तो बरोबर बोलत असतो.

बाहेरून आरसा धरून किंवा मोबाईलने फोटो काढून बघा, भोकं आहेत का? नसतील तर पाडून घ्या. ड्रिलने एक बारीक गोल भोक पाडून भागत नाही, पाण्याचा थेंब त्यात अडकून बसतो. साधारण 6 मिलिमीटर रुंद आणि 25-30 मिलिमीटर लांब अशी आडवी खाच हवी, दोन्ही टोकांजवळ एकेक आणि खिडकी मोठी असेल तर मध्ये आणखी. तिच्यावर बाहेरून प्लास्टिकची टोपी मिळते ती बसवा. वारा सरळ आत घुसत नाही. खाच ट्रॅकच्या तळाशी असायला हवी. तळापासून वर काढली तर तेवढं पाणी कायम आत राहतं आणि डासही होतात.

दुसरी तूट कोपऱ्यात. खालचा ट्रॅक आणि बाजूची उभी पट्टी कापून दोन स्क्रूंनी जोडलेल्या असतात. कारखान्यात त्या सांध्यात सीलंट भरायचं असतं, ते पुष्कळदा भरलेलं नसतं. पाणी ट्रॅकच्या टोकाला जातं, सांध्यातून चौकटीच्या खाली उतरतं आणि भिंतीत जातं. बाहेरून कितीही सिलिकॉन लावा, हे पाणी चौकटीच्या आतूनच खाली चाललेलं असतं. तिसरी तूट ट्रॅकच्या तळात मारलेल्या स्क्रूंची. खिडकी हलू नये म्हणून बसवणारा ट्रॅकमधून थेट सिलमध्ये स्क्रू मारतो, म्हणजे पाणी साचणाऱ्या जागेतच भोक पाडतो.

हे तपासायची चाचणी घरातल्या घरात होते आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. ट्रॅक ब्रशने स्वच्छ करा. बाहेरची भोकं चिकटपट्टीने तात्पुरती बंद करा. ट्रॅकमध्ये हळूहळू पाणी ओता, आतल्या कडेच्या निम्म्यापर्यंत. पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 20 मिनिटं थांबा. पातळी उतरली तर पाणी कोपऱ्यातून किंवा स्क्रूच्या भोकातून भिंतीत जातंय, यात शंका नाही. त्याच पाण्यात चिमूटभर कुंकू किंवा रांगोळीचा रंग टाकायचा मोह आवरा, मार्बलवर डाग बसतो.

उपाय असा. पल्ले काढा, कोपऱ्यातलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढा, जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा, आणि सांध्याच्या आतून, ट्रॅकच्या बाजूने, न्यूट्रल (आंबट वास न येणाऱ्या) सिलिकॉनचा पातळ सलग थर बोटाने दाबून बसवा. स्क्रूच्या डोक्यांवरही तेच. एक दिवस सुकू द्या, भोकांवरची चिकटपट्टी काढा, भोकं मोकळी असल्याची खात्री करा, आणि पुन्हा पाणी ओतून बघा. आता पाणी फक्त बाहेरच्या भोकांतून निघायला हवं. पल्ले परत बसवण्याआधी झिजलेले ब्रश आणि काचेभोवतीचं आक्रसलेलं रबर बिडिंगही बदलून टाका; हे सामान स्वस्त आहे.

आतली कड मुळातच बुटकी असेल तर मात्र डागडुजीने भागणार नाही. समुद्राच्या तोंडावरच्या किंवा उंच मजल्यावरच्या घरात खिडकी बदलायची वेळ आली, तर दाबून बंद होणारी, रबरावर घट्ट बसणारी उघडझापीची खिडकी निवडा. स्लायडिंगच हवी असेल तर आतली कड चांगली उंच असलेला सेक्शन मागा. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, घेतली म्हणून प्रश्न संपतो असंही समजू नका, भोकं आणि कोपरे त्यालाही लागू आहेत.

सिल: उतार, नाक आणि खालची खाच

सिलचं काम फक्त पाणी बाहेर फेकण्याचं आहे. त्यासाठी बाहेरच्या बाजूला स्पष्ट उतार हवा, 150 मिलिमीटर रुंदीला किमान 10 मिलिमीटर. लेव्हलची बाटली ठेवून बघा. सपाट सिल किंवा घराकडे उतार असलेली सिल मला दर दुसऱ्या दुरुस्तीत दिसते, कारण दगड बसवणारा आतून दिसणारी कड सरळ करतो आणि बाहेरची कड जमेल तशी सोडतो.

मग नाक. सिल भिंतीच्या प्लास्टरपासून 40-50 मिलिमीटर पुढे आलेली असावी. पाणी कडेवरून खाली पडण्याऐवजी दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून भिंतीकडे परत येतं, हा त्याचा स्वभाव आहे. ते तोडायला दगडाच्या खालच्या बाजूने, पुढच्या कडेपासून 15-20 मिलिमीटर मागे, एक लांब खाच लागते. पाणी तिथपर्यंत येतं आणि खाच ओलांडता न आल्याने थेंब होऊन पडतं. ग्रॅनाईट 18-20 मिलिमीटर जाड असतो, त्यात ग्राइंडरने दोन-तीन वेळा फिरवून 5 मिलिमीटर खोल आणि 8-10 मिलिमीटर रुंद खाच बसवण्याआधीच निघते. दगडवाल्याला हे काही मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. खाच दोन्ही टोकांपर्यंत नेऊ नका, भिंतीजवळ थोडी जागा सोडा, नाहीतर तीच पाणी भिंतीत नेते.

बसवून झालेल्या सिलला खाच नसेल तर खालच्या बाजूने कडेजवळ ॲल्युमिनियमचा छोटा अँगल सीलंटने चिकटवता येतो, त्याची खाली आलेली पाती तेच काम करते. दिसायला फार सुंदर नाही, पण परांची लागलेली असताना हे करून घ्या.

आता दगडाखालचं. रुपयाच्या नाण्याने सिल ठोकत चला. भरीव आवाज ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर दगडाखाली माल पूर्ण बसलेला नाही. त्या पोकळीत शिरलेलं पाणी कित्येक दिवस बसून राहतं आणि आतल्या बाजूला हळूहळू उतरतं. म्हणूनच ऊन पडल्यावरही ओल वाढताना दिसते. लहान पोकळी असेल तर सांध्यातून पातळ सिमेंट ग्राउट दाबाने भरता येतं. मोठी असेल तर दगड काढून, खाली पॉलिमर मिसळलेल्या मालाचा उतार करून, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन आणि तो लेप मागे आणि दोन्ही बाजूंना थोडा वर चढवून मगच दगड परत बसवावा. हा वर चढवलेला लेपच खरा रक्षक आहे, कारण दगडांचे सांधे आज ना उद्या उघडणार आहेत. सिलची लादी एका तुकड्यात घ्या. मध्ये सांधा ठेवून दहा-वीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

सांधा भरायचाच तर असा भरा

ॲल्युमिनियम तापलं की काँक्रीटच्या जवळपास दुप्पट पसरतं. दीड मीटरची खिडकी आणि 30 अंशांचा फरक धरला तर ॲल्युमिनियम सुमारे 1 मिलिमीटर वाढतं, भिंत त्याच्या निम्मी. रोज सकाळ-दुपार हे चालू असतं. म्हणून चौकटीच्या कडेला व्हाईट सिमेंट किंवा पुट्टी भरली की पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर जाते, आणि केसाएवढी चीर पाणी ओढून घ्यायला पुरेशी असते. तिथे लवचीक सीलंटच हवं.

सीलंटमध्ये दोन गोष्टी बघा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला चांगलं धरतं. सिमेंट, प्लास्टर, मार्बल यांना नाही. त्यातून निघणारं आम्ल त्यांच्याशी अभिक्रिया करतं आणि पकड सुटते. भिंतीशी येणाऱ्या सांध्याला न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या. सिलिकॉनवर रंग धरत नाही, पीयूवर धरतो. बाहेरून रंग करायचा असेल तर पीयू बरं.

भरायची पद्धत त्याहून महत्त्वाची. आधीचं सगळं खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, ते फक्त वर बसतं. फट 6 ते 10 मिलिमीटर असावी. कमी असेल तर ग्राइंडरने प्लास्टरची कड उघडा. आत फोमची दोरी सरकवा, बाजारात ती बॅकर रॉड म्हणून मिळते, फटीपेक्षा थोडी जाड घ्या म्हणजे दाबून बसते. तिच्यावर सीलंट, रुंदीच्या निम्म्या खोलीचं. दोरीमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि मधे मोकळं ताणता येतं. दोरी न घालता खोल भरलं तर ते तळालाही चिकटतं, ताण आला की फाटतं. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, भरल्यावर ओल्या चमच्याच्या पाठीने दाबून ओढा, लगेच टेप काढा.

आणि ट्रॅकच्या बाहेरच्या खालच्या कडेला, भोकांच्या तोंडावर, काहीही भरू नका. कामगाराला हे कामाआधी सांगा आणि काम होताना समोर उभे राहा.

छज्जा, ग्रिल आणि फ्लॉवरबेड

छज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा हवा, आणि छज्जावर बाहेर उतार. खालच्या कडेला सिलसारखीच खाच. एसीचं बाहेरचं युनिट छज्जावर किंवा त्याच्यावरच्या भिंतीवर बसवताना पाडलेली भोकं, केबलच्या फटी आणि पिंपळाची रोपटी बघा. रोप उपटून चालत नाही, मूळ राहिलं की पुन्हा येतं आणि चीर रुंद करतं. चीर उघडून मूळ काढावं लागतं.

ग्रिलचे लोखंडी बोल्ट गंजतात, गंज फुगतो, भोवतीचं प्लास्टर सुटतं. एकेक बोल्ट काढून भोक भरून स्टेनलेसचे बोल्ट लावणं कंटाळवाणं काम आहे, पण समुद्राजवळ दुसरा पर्याय नाही.

मुंबईत एक खास दुखणं आहे. 2012 मध्ये नियमावली बदलून फ्लॉवरबेड, म्हणजे खिडकीबाहेर झाडांसाठी काढलेल्या जागा, चटई क्षेत्रात धरले जाऊ लागले. त्याआधीच्या पुष्कळ इमारतींत ते खोलीबाहेर होते आणि लोकांनी ते खोलीत घेतले. खिडकी जुन्या जागेवरून उचलून फ्लॉवरबेडच्या बुटक्या कठड्यावर बसवली. तो कठडा बाहेर भिजण्यासाठी बांधलेला, वर छज्जा नाही, खाली फ्लॉवरबेडची फरशी अजून बाहेरच्या उताराची. इथे खिडकीचा सांधा कितीही चांगला भरा, पाणी कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यातून येतं. यावर खरा उपाय म्हणजे आतली फरशी उकलून तो सांधा वॉटरप्रूफ करणं आणि खिडकीवर पुरेसा पुढे आलेला छज्जा किंवा पत्रा देणं. अर्थात पत्र्यालाही सोसायटीची परवानगी लागते, आणि खिडकी पुढे नेली तेव्हा ती घेतली नसेल तर विषय वेगळाच वळतो.

ऐन पावसात

सीलंटला कोरडी जागा लागते, सिमेंटच्या मालाला भिंतीतलं पाणी उतरलेलं हवं. जुलैत पक्कं काम करायला जाऊ नका, पैसे धुऊन जातील. आत्ता एवढं करा: ट्रॅक साफ, भोकं मोकळी, बाहेरून तात्पुरता पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा जाड ताडपत्री नीट ताणून, आणि पलंग-कपाट भिंतीपासून हातभर पुढे. प्लगचा बोर्ड ओल्या पट्ट्यात असेल तर त्याचा एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखवा, याला उशीर करू नका.

आतून वॉटरप्रूफ लेप मारून देतो म्हणणाऱ्याला मात्र नको म्हणा. बाहेरून पाणी येतच राहतं, आत अडतं, भिंत पाण्याने भरते आणि ओल दोन हात पलीकडे किंवा खालच्या मजल्यावर फुटते. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूनेच थांबवावं लागतं.

खर्च कोणाचा

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे आणि पावसाच्या पाण्याने होणारी बाहेरची गळती तिच्यात आहे. म्हणजे बाहेरची भिंत, प्लास्टरच्या चिरा, छज्जा सोसायटीकडे. तुम्ही स्वतः बदललेली खिडकी, तिचा ट्रॅक, तिचे सांधे तुमच्याकडे. भांडण नेहमी या दोहोंच्या मधल्या फटीवर होतं. तिथे तोंडी वादापेक्षा पाण्याच्या चाचणीचा व्हिडिओ जास्त बोलतो: कोणत्या जागी पाणी सोडलं आणि किती मिनिटांनी आत आलं, हे तारखेसह कमिटीला लेखी द्या.

इमारत नवी असेल तर विकासकाकडे जा. स्थावर संपदा कायद्याच्या (रेरा) कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी हवी आणि मुदतीत हवी. पाचव्या वर्षाचा पावसाळा संपेपर्यंत थांबून बसलेले लोक मी बघितले आहेत. पहिल्याच डागाला पत्र द्या.

रंगाची घाई नको

बाहेरचं काम झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी पाईपने तीच चाचणी त्याच क्रमाने पुन्हा करा. बाहेरच्या नव्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारा, रंग चार आठवड्यांनी. आतली सुटलेली पुट्टी आणि पीओपी विटेपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवा. 230 मिलिमीटर जाड भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात, पंखा लावून फक्त वरचा थर सुकतो. भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. मागे दव धरलं तर अजून थांबा. दिवाळीआधी रंग हवाच असेल तर बाकीची खोली रंगवून घ्या आणि ती भिंत तशीच ठेवा, एक झड तिच्यावरून गेल्याशिवाय तिला पुट्टी लावू नका.